कोणाची हरकत असेल तर

ता. सुरगाणा
११ डिसेंबर २००९

प्रिय सनी,

तुझं पत्र परवा मिळालं. जुन्या कराराच्या पेपरात तू वर्गात दुसरा आलास हे मी अंगणवाडीत आलेल्या सगळ्या बायांना वाचून दाखवलं. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण माझ्याकडून चिक्की मात्र वसूल केली. पहिला कोण आला ते तू लिहिलं नाहीस, त्यावरून लहानपणीचा तुझा स्वभाव नाशिकच्या हवेतही टिकून आहे एवढं समजलं. स्वेटर घालत जा. पिंकीने ओझरहून पाठवलेला तुला घट्ट होतो म्हणालास, तर तो कोणाला तरी दे आणि दुसरा घे, पेटीत ठेवून कसर लावू नकोस.

तू म्हणशील, आईकडे मोबाइल असताना पत्र कशाला. अरे, आपल्या पाड्यावर रेंज कुठे येते ते तुला माहीत आहे. टेकडीवरच्या त्या एका सागाखाली उभं राहून बोलायचं, आणि तिथे आपल्या आधीच चार जण कान टवकारून बसलेले असतात. मला जे सांगायचं आहे ते सागाखाली सांगण्यासारखं नाही. शिवाय फोनवर तू मध्ये बोलतोस, आणि तू मध्ये बोललास की मी गप्प बसते. कागदाचं तसं नाही.

मे महिन्यातही मी अशीच गप्प बसले होते. तू परत जायला निघालास त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. वाळूकाका आपल्याकडे जेवला आणि शेतावरच्या झोपडीकडे गेला. तो बांधापलीकडे जाईपर्यंत तू थांबलास आणि मग मला म्हणालास, की काकांनी रोज आपल्या घरात जेवायला बसणं बरं दिसत नाही, मी उद्या पाळक होणार, लोक आधी माझ्या घराकडे बघणार. मग बायबल उघडून लेवीयचा अठरावा अध्याय काढून तू मला समजावून सांगितलास. अगदी मायेने सांगितलास, मी अंगणवाडीतल्या पोरांना हात धुवायला शिकवते तसं. मी हं हं करत भाकरी थापत राहिले. सनी, तो अध्याय मला पाठ आहे. तू जन्मायच्या आधीपासून पाठ आहे, आणि तो का पाठ आहे हे तुला या घरात कोणीच सांगितलेलं नाही.

आपल्या पाड्यावर बाप्तिस्मा घेणारं पहिलं घर आपलं. तुझे आजोबा, पुंजाआबा, एकदा एखादी गोष्ट धरली की सोडणारे नव्हते. त्यांनी वाघदेवाला जाणं सोडलं, मोहाची दारू सोडली, भगताला दारातून परत पाठवलं. मंडळी आपल्याच पडवीत जमायची. जुने पाळकसाहेब महिन्यातून एकदा नाशिकहून जीपने यायचे, आणि जीप चढावर दमली की पिशवी खांद्याला लावून चालत यायचे. तुला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी वाकडं लिहिणार नाही. त्यांच्यात खोट नव्हतीच. खोट कोणातच नव्हती, हेच माझं सगळ्यात मोठं दुखणं आहे. कोणाला शिव्या द्याव्यात तेच आयुष्यभर कळलं नाही.

पाळकसाहेबांनी पहिल्या वर्षीच आम्हाला त्याच अठराव्या अध्यायातून कोणी कोणाशी लग्न करू नये ते शिकवलं. आत्या, मावशी, काकू, सून, भावजय, सगळं ओळीने. मी तेव्हा नवी सून होते, आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. त्यात मामाच्या मुलीचं नाव आलं नाही तेव्हा पाड्याचा जीव भांड्यात पडला, कारण अर्ध्या पाड्याने मामाच्याच मुली केलेल्या. वर याकोबानेही मामाच्या मुली केल्या होत्या हे कळल्यावर याकोब सगळ्यांना आपल्याच पाहुण्यातला वाटायला लागला. फक्त सहादूभाऊ अडकला. त्याच्या घरात दोन सख्ख्या बहिणी बायका म्हणून नांदत होत्या, थोरली भागीबाई आणि धाकटी शकुबाई. बायको जिवंत असताना तिची बहीण करायची नाही, असं त्याच अध्यायात लिहिलं आहे. सहादूभाऊ म्हणाला, याकोबानेही दोन बहिणीच केल्या की. पाळकसाहेब म्हणाले, तेव्हा नियमशास्त्र दिलेलं नव्हतं. सहादूभाऊ विचारात पडला, आणि पुंजाआबांनी त्याला रोज जाऊन समजावलं. शेवटी त्याने शकुबाईला तिच्या कडेवरच्या मुलीसकट माहेरी पोचवलं. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या ते मी पाहिलं आहे. पण नियम तो नियम, असं आबा म्हणाले, आणि आम्हालाही ते पटलं. दुसऱ्याच्या घरातला नियम पटायला वेळ लागत नाही.

तुझे बाबा, देवराम, १९९१ साली गेले. द्राक्षांच्या खुडणीला आम्ही सगळे निफाडकडे गेलो होतो, तुझे बाबा, मी, तीन वर्षांची पिंकी आणि त्यांचा धाकटा भाऊ, वाळूकाका. देवराम सकाळी विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि ओल्या हाताने बटणाला चिकटला. वाळूने लाकडाने त्याला बाजूला केलं, पण तोवर उशीर झाला होता. टेम्पोत मागे आम्ही दोघं आणि मध्ये तो, असे परत आलो. वाळूने स्वतःचा सदरा काढून भावाच्या पायावर घातला होता, कारण चादर पुरत नव्हती.

माती दिल्यावर काही दिवसांनी आबांनी मला पडवीत बोलावलं. आपल्यात रीत काय आहे ते तुला पुस्तकात सापडणार नाही म्हणून लिहिते. थोरला गेला तर सुनेला परक्याच्या घरी जाऊ देत नाहीत. धाकटा दीर असेल आणि दोघांची कबुली असेल तर तो पाट लावतो, म्हणजे साधं लग्न, आणि पोरं बापाच्या घरातच राहतात. दीर तयार नसेल किंवा सून तयार नसेल तर ती माहेरी जाते आणि पुढेमागे दुसरं घर करते, पण मग पोरं इथेच ठेवून जावी लागतात. आबा म्हणाले, “पोरी, तुला राहायचं हाय का माहेरी जायचं हाय, तू सांग. जबरी नाय.” मी पिंकीकडे बघितलं आणि राहते म्हणाले. वाळूला विचारलं तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, “वयनी राहती तर मी नाय कसा म्हनू.” तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्या वेळी माझ्या मनात प्रेमबीम काही नव्हतं. होती ती भीती, की पिंकीला सोडून जावं लागेल.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले, आबांनी त्यांच्या कानावर घातलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. भावजय. त्याच अध्यायात, सोळावी ओवी. आबांना ती माहीत नव्हती असं नाही, मीच वाचून दाखवली होती. पण ती भाऊ जिवंत असतानासाठी असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. पाळकसाहेब म्हणाले, तसं तिथे लिहिलेलं नाही. आबा पहिल्यांदाच त्यांच्यावर चिडले. म्हणाले, “साहेब, देव सोडले, दारू सोडली, आता सून बी सोडू काय?” तेवढ्यात मागून सहादूभाऊ उठला. आवाज न चढवता एवढंच बोलला, की माझी शकू गेली तेव्हा तुम्ही रोज येऊन सांगत होता, आबा, आता तुमच्या घराला नियम वेगळा का. आबा खाली बसले. सहादूभाऊचं काही चुकत नव्हतं.

आता तू म्हणशील, आपल्याकडे अर्धी माणसं आधी नांदतात आणि लग्न मागून लावतात, पोरं आईबापाच्या वरातीत नाचतात, मग तुम्हीच का थांबलात. मीही रागाने एकदा वाळूला तेच म्हणाले. तो म्हणाला, “आबाची मान खाली घालून मला घर नाय करायचं.” सहादूभाऊचं घर ज्या तोंडाने मोडलं त्या तोंडाने आबा आमचं सावरू शकत नव्हते, आणि आमच्या पडवीतली मंडळी मोडली असती तर तीही आमच्यामुळेच मोडली असती.

पाळकसाहेबांनी मात्र हात झटकले नाहीत. ते नाशिकला गेले, मोठ्या पाळकांना भेटले, पुस्तकं चाळली आणि महिन्याने परत आले ते हसतच. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात, पंचविसाव्या अध्यायात, वाट सापडली होती. तुला ती माहीत आहेच. भाऊ एकत्र राहत असतील आणि एक जण मुलगा नसताना मेला, तर दुसऱ्याने त्याच्या बायकोशी लग्न करावं, म्हणजे मेलेल्याचं नाव पुसलं जात नाही. पिंकी होती, पण मुलगी त्यात धरत नाहीत. देवरामला मुलगा नाही, तेव्हा मनाई नाही, उलट आज्ञाच आहे, असं पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी सहादूभाऊलाही पान उघडून दाखवलं. त्याने पुस्तकाला हात लावला आणि म्हणाला, लिहिलंच हाय तर माझं काय म्हणणं नाय. पडवीत सगळे मोकळं हसले. लग्नाची सूचना तीन रविवार वाचायची, कोणाची हरकत असेल तर त्याने उठून सांगायचं, एवढंही ठरलं.

आणि तुझी आजी, भोळी बिचारी, तिला वाटलं या आनंदात आपलाही आनंद घालावा. ती दाराआडून म्हणाली, “साहेब, देवाची लय किरपा. सखूला दिवस गेलेत. देवरामचं नाव तसं बी चालनार.” तुझी चाहूल मला निफाडलाच लागली होती, देवरामला सांगितलंही होतं, पण घरी फक्त तिलाच ठाऊक होतं. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं नाही, नुसता त्यावर हात ठेवला. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, की पोटात मुलगा असेल तर देवरामला मुलगा आहे, मग ही वाट आपल्याला नाही, सोळावी ओवीच लागू. मुलगी झाली तर मी स्वतः येऊन लग्न लावीन. तोपर्यंत थांबू या. आजी आतून बाहेर आली आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते तिला कळतच नव्हतं. रात्री मी तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. मी तिचे हात धरून बसले. तिच्यावर तरी कसं रागवायचं?

तेव्हापासून तू होईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. दर रविवारी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करायची. सुखाने बाळंत होऊ दे आणि देवरामला मुलगा दे, असं आबा मोठ्याने मागायचे, आणि सगळ्यांबरोबर मलाही आमेन म्हणावं लागायचं. आबांचा तरी काय दोष, त्यांचा मुलगा गेला होता, त्यांना नातू हवा होता. माझं लग्न व्हावं असंही त्यांना वाटत होतं आणि नातू व्हावा असंही, आणि या दोन्ही गोष्टी देव एका वेळी देऊ शकत नव्हता. मी रात्री पांघरुणात तोंड घालून उलटं मागायचे. आपल्या भागात मुलगी मागणारी विधवा देवाने पहिल्यांदाच ऐकली असेल.

आणि त्याच दिवसांत, सनी, जे आधी नव्हतं ते झालं. आवणीच्या वेळी मला वाकता यायचं नाही, तर वाळू माझ्या वाट्याची रोपं लावून मग स्वतःची लावायचा. नागलीची भाकरी मला पचेना तेव्हा बाजारातून पाव आणायचा, आणि मला देताना पिंकीसाठी आणला म्हणायचा. तो तुला पहिल्या दिवसापासून पोरगीच म्हणायचा. पोरगीला भूक लागली असेल, पोरगीला ऊन लागतं, असं. सुरगाण्याच्या बाजारातून एकदा गुलाबी फ्रॉक घेऊन आला, पुढे झालर लावलेला. मी म्हटलं, इतकी घाई कशाला. तर म्हणाला, देवाला दिसू दे आपण तयारी केलीय. मला हसू आलं आणि रडूही आलं. तोवर मला कळलं होतं, की मी आता फक्त पिंकीसाठी थांबलेली नाही. मला तोच हवा होता.

सप्टेंबरात तू झालास. आजीनेच तुला झेललं आणि ती मोठ्याने ओरडली, की पोरगा झाला. बाहेर आबांनी टाळी वाजवून गाणं धरलं. मी तोंड भिंतीकडे केलं. हे वाचून तुला वाईट वाटेल, तरी पुढचं वाच. तू नको होतास असं कधीच नव्हतं. मला मुलगी हवी होती आणि ती का हवी होती ते आता तुला माहीत आहे. मी रडत होते तेव्हा तू माझ्या पोटाशी आलास, तुझी मूठ माझ्या बोटाभोवती बसली, आणि मी तुला पाजलं. पाजता पाजता रडले आणि रडता रडता पाजलं, एवढंच मला त्या दिवसाचं नीट आठवतं. संध्याकाळी वाळू आला. त्याने तुला उचललं, उजेडात नेऊन बघितलं आणि म्हणाला, “कान देवादादाचेच हायत.” मग तुला माझ्याकडे न देता बराच वेळ अंगणात फिरवत राहिला. गुलाबी फ्रॉक वाया जाऊ नये म्हणून पहिले काही आठवडे तू तोच घातलास. पिंकी अजून तुला त्यावरून चिडवते, पण तिलाही तो कुठून आला हे परवापर्यंत माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले. त्यांनी तुझ्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. जाताना चढावर थांबून रडत होते, असं जीपवाल्याने सांगितलं. लोकांनी बोलू नये म्हणून वाळूने शेतावर झोपडी बांधली. त्याचं ताट मी पिंकीच्या हाती पाठवायचे, पुढे तुझ्या हाती, आणि तूही नाशिकला गेल्यावर तो घरी येऊन जेवायला लागला. त्याला मुली सांगून आल्या, एक तर माझ्याच चुलत्याची होती आणि मीच त्याला आग्रह केला. तो नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही, नुसता त्या दिवशी जेवला नाही. नंतर मी तो विषय काढला नाही. तुला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा तो, तापात तुला सुरगाण्यापर्यंत पळवत नेणारा तो, पाळकसाहेबांनी तुला नाशिकला न्यायचं म्हटल्यावर तुझी पेटी डोक्यावर घेऊन जीपपर्यंत चालणारा तो. या सगळ्या वर्षांत त्याने माझ्या हाताला हात लावलेला नाही. हे मी तुला शपथेवर लिहू शकते, आणि लिहिताना मला त्याचा अभिमान वाटतो की राग येतो ते मलाच कळत नाही.

आता यंदाची गोष्ट. मागच्या वर्षी भागीबाई वारली ते तुला माहीत आहे. या वर्षी सहादूभाऊने शकुबाईला परत आणलं, आणि नव्या पाळकसाहेबांनी आपल्या प्रार्थनाघरात त्यांचं लग्न लावलं. बायको जिवंत असताना मनाई होती, आता ती नाही, तेव्हा हरकत नाही, असं ते म्हणाले. पन्नाशीला आलेली शकुबाई हिरव्या पातळात लाजत होती. दुसऱ्याच दिवशी सहादूभाऊ आपल्या पडवीत येऊन बसला. बराच वेळ तंबाखू मळत होता. मग म्हणाला, “सखू, तेव्हा मी उठलो नसतो तर बरं झालं असतं.” मी म्हटलं, तुम्ही खरं तेच बोललात. तो म्हणाला, खरं होतं, पन मी ते माझ्या दुखण्यातून बोललो. आता तुम्ही दोघांनी करा, मीच साहेबांशी बोलतो.

मी नको म्हणणार होते. चाळिशी आली, आता काय करायचं. पण जुलैमध्ये वाळूला न्यूमोनिया झाला तेव्हा मी त्याला रुग्णालयात घेऊन गेले होते, ते मी तुला फोनवर नुसतं ताप म्हणून सांगितलं. परीक्षा होती तुझी. तिथल्या नर्सबाईने विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण. मी म्हटलं, भावजय. ती चांगली मुलगी होती, मला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाली, मावशी, त्यांच्या जवळचं कोणी असेल तर बोलवून घ्या. मी हो म्हटलं. बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले आणि कोणाला बोलवावं याचा खरंच विचार करत राहिले. आबा नाहीत, आजी नाही, देवराम नाही. त्याच्या जवळचं जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि मी जवळची आहे हे सांगायला मला शब्द नव्हता. तिथून आणल्यावर मी त्याला झोपडीत एकट्याला जेवू दिलं नाही. तू मे महिन्यात सांगून गेलास म्हणून मी ताट पुन्हा झोपडीवर न्यायला लागले होते, तेही बंद केलं. लोक बोलतात हे खरं आहे. मी ऐकते आणि वाढते.

पिंकीला मी हे सगळं परवा ओझरला जाऊन सांगितलं. ती रडली, मग फ्रॉकचं ऐकून हसली, आणि म्हणाली, करा. मी नव्या पाळकसाहेबांना म्हटलं, मुलगी हो म्हणाली आहे. ते म्हणाले, तिचं ठीक आहे, पण तिला विचारायची तशी गरज नाही. मुलगी अजूनही त्यात धरत नाहीत, सनी.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. पाळकसाहेब म्हणतात, भाऊ मेल्यावर ती ओवी लागू नाही असं माझं मत आहे, नाशिकहूनही ना नाही. पण मुलगा अठराचा झाला आहे आणि उद्या पाळक होणार आहे, त्याच्या डोक्यावरून जाऊन मी हे करणार नाही. नाताळच्या उपासनेत त्याने मंडळीसमोर उभं राहून हरकत नाही म्हणावं, मग मी सूचना वाचायला घेतो. तो नाही म्हणाला तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. एकदा तू नुसता जन्माला आलास आणि तेवढ्याने आमचं ठरून गेलं. तेव्हा ते तुझ्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. या वेळी तुझ्या हातात आहे, माझ्या अजूनही नाही. तुला पुस्तकात जे खरं दिसेल तेच बोल, माझ्यासाठी म्हणून खोटं बोलू नकोस, तसा मुलगा मला नको. फक्त नाही म्हणायचं असेल तर तिथे सगळ्यांसमोर म्हणू नकोस. आदल्या दिवशी घरी मला एकटीला सांग, मी पाळकसाहेबांना निरोप देईन. वाळूकाकाने मला बजावलं आहे, की पोराला यातलं काही लिहू नको, त्याच्या शिक्षणात त्याला त्रास नको, आपलं झालं ते झालं. पण काल मी बाजारात गेले होते तेव्हा शिंप्याने मला हाक मारून विचारलं, की वाळूचा नवा सदरा नाताळपर्यंत हवा आहे ना नक्की. मी नक्की म्हणून आले आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई